अक्कांची गोळी आणि माझें वाचन

छत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलीं; त्यामुळें हातीं येणारा प्रत्येक कागद अथपासून इतिपर्यंत वाचण्याची खोड मला जडली आहे. एरवी ही खोड निरुपद्रवी. परंतु एकदां तिनें आमच्या घरांत अनर्थ केला. तो प्रांजळपणें सांगावा, म्हणजे दुसऱ्या घरीं तरी तसें घडणार नाहीं, एवढ्याच हेतूनें आजचें हें लेखन.

माझ्या थोरल्या भगिनी, सर्वांच्या अक्का, आमच्याजवळच असतात. वय चौऱ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वीं न्हाणीघरांत पाय घसरून त्यांचें मनगट मोडलें. डॉक्टरांनीं तपासणी करून हाडें विरळ व ठिसूळ झाल्याचें, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस असल्याचें, सांगितलें आणि आठवड्यांतून एकदां घ्यावयाची ॲलेंड्रोनेटची गोळी लिहून दिली. वेष्टनांत बारीक अक्षरांचा कागद होता. मीं भिंग घेतलें, शब्दकोश घेतला आणि माजघरांत बसून सर्वांस त्याचा अर्थ सांगितला : अन्ननलिकेस व्रण, जबड्याच्या हाडाचा नाश, मांडीच्या हाडाचा भंग! "हाडांच्या औषधानें हाडच मोडायचें, तर तें घ्यावें कशाला रे बाळ?" अक्कांनीं विचारलें. मजजवळ उत्तर नव्हतें. तें कबूल करून डॉक्टरांकडे जावयाचें सोडून मीं मान डोलाविली. गोळ्या फडताळांत गेल्या. दहा महिन्यांनीं पाण्याची कळशी उचलतांना अक्कांच्या पाठीचा मणका खचला. आज त्या वांकून चालतात. मला त्यांनीं एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं.

व्याकरणांत सामान्य नियमास उत्सर्ग आणि त्यास बाध आणणाऱ्या विशेष नियमास अपवाद म्हणतात. नुसते अपवाद पाठ करणाऱ्यास भाषा येत नाहीं, असें मीं वर्गांत कितीदां तरी बजावलें असेल. येथें मात्र अपवादांची यादी मोठ्यानें वाचली आणि उत्सर्ग शोधलाच नाहीं. मणका खचल्यावर वही घेऊन डॉक्टरांसमोर बसलों, तेव्हां तो कळला.

आपलें हाड जन्मभर थोडें थोडें झिजविलें जातें आणि पुन्हां भरून निघतें. स्त्रियांची पाळी थांबल्यावर झीज अधिक व भर कमी, असा तोटा सुरू होतो. ॲलेंड्रोनेट झिजविणाऱ्या पेशींना आवर घालतें. १९९६ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकपत्रांत एक अमेरिकन प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्वीं मणका खचलेल्या २,०२७ स्त्रियांपैकीं सुमारें निम्म्यांना हें औषध व बाकीच्यांना निर्गुण गोळी दिली होती. जवळजवळ तीन वर्षांत निर्गुण गोळीवाल्यांपैकीं शेंकडा १५ जणींच्या क्ष-किरणचित्रांत नवा खचलेला मणका आढळला. औषधवाल्यांत शेंकडा ८. खुब्याचें हाड मोडण्याचें प्रमाण शेंकडा २.२ वरून १.१ वर आलें. निम्मे म्हणजे शून्य नव्हे. गोळी घेतली असती तर अक्कांचा मणका खचलाच नसता, असें डॉक्टर म्हणत नाहींत. परंतु ती निम्मी आशा मीं घालविली.

आतां अपवाद. तेही खरे आहेत. जबड्याच्या हाडाचा विकार २००३ सालीं प्रथम नजरेस आला. तो मुख्यतः कर्करोगासाठीं शिरेंतून मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत आढळतो. मांडीच्या हाडाच्या विचित्र भंगाविषयीं अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०१० सालीं इशारा दिला. कॅलिफोर्नियांतील सुमारें १,९६,००० स्त्रियांचा अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा हिशेब असा : दहा हजार गौरवर्णीय स्त्रियांनीं या वर्गांतील औषध तीन वर्षें घेतलें, तर खुब्याचे १४९ भंग टळतात आणि असे विचित्र भंग २ होतात, आशियाई वंशाच्या स्त्रियांत ९१ टळतात आणि ८ होतात. आपण आशियांतले, दुसरा आंकडा विसरूं नये. तरीही पारडें कोणीकडे झुकतें तें स्पष्ट आहे. शिवाय हा धोका औषधाच्या वर्षांबरोबर वाढतो व औषध थांबविल्यावर लवकर उतरतो. म्हणून सुमारें पांच वर्षांनीं गोळी चालू ठेवावी कीं विश्रांति द्यावी, याचा विचार डॉक्टर करतात.

भय मजपुरतेंच नव्हतें. अमेरिकेंत खुबा मोडलेल्या रुग्णांपैकीं वर्षभरांत हाडांचें औषध घेणारे २००२ सालीं शेंकडा ४० होते. २०११ सालीं ते शेंकडा २० च्या आसपास उरले. ज्यांचें हाड एकदां मोडलें, त्यांनाच दुसऱ्यांदा मोडण्याची भीति अधिक, हें ध्यानांत घेतां ही घट शोचनीय आहे.

म्हणून गृहिणींस व त्यांच्या मुला-सुनांस चार गोष्टी सांगतों. गोळी सकाळीं उपाशीपोटीं, भांडेंभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी; चहा-दूध नको. त्यानंतर अर्धा तास बसावें वा चालावें, आडवें होऊं नये. अन्ननलिकेचा व्रण बहुधा यानेंच टळतो. आरंभापूर्वीं मूत्रपिंडें, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व तपासून घ्यावें. दांत काढावयाचे असल्यास आधीं काढावेत. मांडींत वा जांघेंत नवें दुखणें सुरू झाल्यास त्वरित डॉक्टरांस कळवावें. आणि सहा महिन्यांनीं टोंचावयाचें डेनोसुमॅब चालू असेल, तर तें आपल्या मनानें कधींही सोडूं नये. तें सोडल्यावर दुसरें औषध न दिल्यास हाड झपाट्यानें झिजतें आणि अनेक मणके एकदम खचूं शकतात. शंका आली, तर ती डॉक्टरांपुढें मांडावी. फडताळ हा कांहीं तिचा निर्णय नव्हे.

आतां दर गुरुवारीं अक्का पहांटे गोळी घेऊन ओसरीवर बसतात. अर्धा तास मी समोर घड्याळ घेऊन बसतों आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवितों. वेष्टनांतील कागद मात्र त्या आधींच काढून सूनबाईंच्या स्वाधीन करतात.