पाटल्यांना नॉमिनी नसतो

बँकेच्या फॉर्मवर बायकोचं नाव नॉमिनी म्हणून लिहिलं की झाली निरवानिरव, हा समज घराघरांत भांडणं लावतो. ठेवीचा नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, मालकी वारसांचीच. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. मालकी कुणाला द्यायची हे आपण ठरवतो ते मृत्युपत्राने, आणि त्याला ना स्टॅम्पपेपर लागतो, ना सक्तीची नोंदणी. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात.

‘आमच्याकडे वाटण्यासारखं आहेच काय?’ असं म्हटलं जातं. पण तंटा अनेकदा फ्लॅटपेक्षा आईच्या पाटल्यांवरून पेटतो. मरणाची भाषा अशुभ, हा आक्षेप आयुर्विम्याचे हप्ते बिनबोभाट भरणाऱ्यांनी घ्यावा, हे नवलच! मृत्युपत्रालाही कोर्टात आव्हान मिळतं, हे खरं. तरी न्यायाधीशापुढे निदान मालकाचा शब्द असतो. साक्षीदार तेवढे ज्यांना काही मिळणार नाही, असेच घ्यावेत.