दात काढण्याची घाई

परवा आत्याकडे सगळे जमलो होतो तेव्हा पुन्हा तोच प्रश्न. "दादा तर सुपारीसुद्धा खात नाही, मग त्याला जबड्याचा कॅन्सर कसा गं?" दोन वर्षं उत्तर देतेय. आता एकदाच लिहून टाकते.

तंबाखूने होतो तो तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. दादाला झाला तो हाडाचा, ऑस्टिओसार्कोमा. हा बहुतेकदा वाढत्या वयातल्या मुलांना गुडघ्याजवळ होतो. जबड्यातले शंभरात सहा-सात, तेही बहुधा तिशी-चाळिशीत. तंबाखूचा इथे संबंध नाही.

सुरुवात झाली एका हलणाऱ्या दाढेने. कीड नाही, पू नाही. डेंटिस्टने एक्स-रे न घेताच ती काढून टाकली. जखम भरेना, म्हणून दोनदा अँटिबायोटिक्स. मग खालचा ओठ एका बाजूने बधिर झाला. दादा म्हणायचा, "इंजेक्शनचा अंमल उतरलाच नाहीये!" आम्ही हसलो होतो. ओठाची नस जबड्याच्या हाडातूनच जाते, हे तेव्हा कुणाला माहीत?

दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक्स-रेत बारीक काळी रेघ दिसते. या आजारात ती एक-दोन दातांभोवती सगळीकडून रुंद झालेली दिसू शकते. गॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९६७ सालीच हे नोंदवलंय. डेंटिस्टला उभ्या आयुष्यात असा एखादा पेशंट भेटला तर भेटतो, मान्य. पण विनाकारण दात हलतोय तर आधी एक्स-रे, आणि शंका आली तर तुकडा तपासायला, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

आणि दोष फक्त त्यांचा नाही हं. बायोप्सी सांगितल्यावर "सुरी लागली की पसरतो" म्हणत आपणच तीन आठवडे घालवले. (कोण म्हणालं ते लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेल.) गाठीचा प्रकार कळल्याशिवाय ऑपरेशन किती मोठं करायचं हे डॉक्टर ठरवणार तरी कसं? या आजारात सगळी मदार असते ती गाठ भोवतालच्या निरोगी भागासकट पूर्ण निघण्यावर. केमोचा जबड्यात किती उपयोग, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही.

दादाचा अर्धा खालचा जबडा काढला. पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट आणून तिथे बसवलं. आता तो मऊ भात, पोहे खातो, थोडा लंगडतो. ओठ मात्र बधिरच आहे. चहा ओघळला की वहिनी नुसती हनुवटीला बोट लावते, आणि तो रुमाल काढतो.