शुद्धिपत्रासह खेळ

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकावरचे खेळ खेळावेत की नाही, याविषयी आमच्या स्टाफरूममध्ये मतभेद नाहीत. एकच मत आहे, आणि ते माझ्या बाजूचे नाही. तरीही गेली तीस वर्षे मी हे व्यसन निष्ठेने सांभाळले आहे, आणि त्याच अधिकाराने आज चार शब्द लिहितो आहे.

सुरुवात झाली ती 'प्रिन्स ऑफ पर्शिया'पासून. गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, तास संपल्यावर, सरांची मर्जी असेल तर. जॉर्डन मेक्नर याने तो खेळ १९८९ साली आणला. आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याने व्हिडिओ चित्रण केले, आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. आमच्याकडेही धाकटा भाऊ राबवण्याचीच पद्धत होती. यंत्र एक आणि भाऊ दोन, म्हणून वाटणी झाली: बाणांच्या कळा दादाकडे, शिफ्टची कळ माझ्याकडे. उडी त्याने मारायची, कडा मी पकडायचा. माझे बोट क्षणभर उशिरा पडले की राजपुत्र सुळ्यांवर आणि दादाचा धपाटा माझ्या पाठीवर. पण राजपुत्र मेला तर चूक आमची असे. खेळाने फसवले, अशी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

आता तक्रारीची सोय भरपूर झाली आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक नवा खेळ विकत घेतला. पहिल्याच संध्याकाळी माझा घोडा एका घराच्या कौलांवर जाऊन उभा राहिला, तो काही केल्या उतरेना. ज्या सरदाराकडून निरोप घ्यायचा, तो कमरेपर्यंत जमिनीत रुतून मोठ्या गांभीर्याने राज्यकारभाराविषयी बोलत होता. इथवर मौज वाटली. पण चौतिसाव्या तासाला, जतन करून ठेवलेला डाव उघडेचना, तेव्हा माझे हसू मावळले. पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती होईल, असे कंपनीने कळवले. माझ्या चौतीस तासांविषयी काही कळवले नाही.

अशा दोषाला 'बग' म्हणतात. ढेकूण म्हणा हवे तर! आमच्या घरचे ढेकूण खाट उन्हात टाकली की निदान आठवडाभर गप्प बसत. हा त्याहून चिवट. घरोघरचा पीसी वेगळा. एकाचा प्रोसेसर जुना, दुसऱ्याचे ग्राफिक्स कार्ड निराळे, तिसऱ्याचा ड्रायव्हर मागच्या वर्षीचा. एवढ्या सगळ्या जोड्या कोणीही तपासू शकत नाही, हे मला मान्य आहे. जुने खेळ निर्दोष होते, असेही नाही. परंतु डिस्केट एकदा दुकानात गेली की परत बोलावणे फार कठीण, म्हणून आधी तपासण्याचा धाक असे. आता दुरुस्ती इंटरनेटवरून धाडता येते, आणि तो धाक गेला. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असायला माझी हरकत नाही. पण शुद्धिपत्र काढता येते, म्हणून मुद्रिते न तपासताच पुस्तक छापणाऱ्या प्रकाशकाला आपण काय म्हणू?

हे थोरामोठ्यांच्या घरीही घडले आहे. 'बॅटमॅन : आर्कम नाइट' जून २०१५ मध्ये पीसीवर आला तो इतका अडखळत, की काही दिवसांतच त्याची विक्री थांबवावी लागली, ती ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. 'सायबरपंक २०७७' हा पोलंडचा बहुचर्चित खेळ १० डिसेंबर २०२० रोजी आला. जुन्या प्लेस्टेशनवर त्याची अशी दैना झाली, की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्ये परत घेतला. पुढे त्याच खेळाची नेटकी दुरुस्ती झाली, हेही सांगितले पाहिजे. पण पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणारा गिऱ्हाईक फुकटचा मुद्रितशोधक ठरला, त्याचे काय? 'स्टीम'वर २०१५ पासून पैसे परत मिळतात. अट अशी, की खरेदीला चौदा दिवस आणि खेळण्याला दोन तास होण्याच्या आत मागावेत. माझा ढेकूण चौतिसाव्या तासाला चावला.

तरीही हे सारे मी विसरलो असतो. विसरता येत नाही, ती गोष्ट वेगळीच.

दोन वर्षांपूर्वी दादाला पक्षाघाताचा झटका आला. तो सावरला, पण डावा हात तसाच राहिला. त्याच सुटीत तो आमच्याकडे आला होता. म्हणाला, "लाव रे तुझा तो खेळ." पीसीवरच्या बहुतेक खेळांत उजव्या हाती माउस आणि चालण्याच्या कळा डाव्या हाती. म्हटले, कळा बदलून देऊ. पाहतो तर कळांची यादी नुसती वाचायला दिलेली. बदलायची सोयच नाही! मग आम्ही जुनीच वाटणी केली. माउस त्याच्याकडे, कळा माझ्याकडे. आम्ही मध्यरात्रीपर्यंत खेळलो, घोडा पुन्हा कौलांवर चढला, वहिनी दोनदा ओरडून गेल्या. मला वाटले, बालपण परत आले.

सकाळी चहा पिताना दादा सहज म्हणाला, "मजा आली. पण मला एकट्याला खेळायचं होतं रे. दिवसभर सगळं कुणाच्या तरी हातानंच चालतं."

मी काय बोलणार?

ही सोय अशक्य आहे, असे मुळीच नाही. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या २०२० च्या खेळात अपंग खेळाडूंसाठी साठाहून अधिक सोयी दिल्या होत्या. म्हणजे ज्याने मनावर घेतले, त्याला जमले. घोडा कौलांवर चढतो तो चुकून. कळा बदलता येत नाहीत, त्या मात्र कोणी विचारच केला नाही म्हणून. पहिल्या दोषाला शुद्धिपत्र आहे. दुसऱ्याला ते काढायचे, हे तरी कोणाच्या ध्यानात असते का?

शोधता शोधता मला एक जुना, स्वस्त खेळ सापडला. त्यात प्रत्येक कळ हवी तिथे नेता येते. जादा बटणांचा एक माउस आणला आणि सारे काही दादाच्या उजव्या हाताखाली बसवून दिले. खेळ साधाच आहे, चित्रे ओबडधोबड आहेत. परवा मी फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "नंतर करा भावजी, ते खेळताहेत."