वाक्य कोणाचे?

लोकप्रिय संहितेतून वेचक वाक्ये वेगळी काढावयाची, ती एखाद्या पात्राच्या नावावर जमा करावयाची आणि त्यांच्या बेरजेला त्या पात्राचे ‘जीवनविषयक तत्त्वज्ञान’ म्हणावयाचे, ही रीत चाहत्यांपुरती मर्यादित असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु हीच रीत समीक्षेची परिभाषा पांघरून अभ्यासाच्या क्षेत्रात वावरू लागते, तेव्हा तिचा प्रतिवाद करणे भाग पडते. वाक्य म्हणजे पात्राची मालमत्ता, हे तिचे गृहीतक आहे. आणि ते मुळातच चुकीचे आहे.

कोयोहारु गोतोगे यांची ‘किमेत्सु नो याइबा’ ही जपानी चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. २०१९पासून ती अ‍ॅनिमे मालिकेच्या रूपात आली आणि ‘डीमन स्लेअर’ या नावाने जगभर पोहोचली. तीतील मुइचिरो तोकितो हा चौदा वर्षांचा खड्गधारी. तलवार हाती घेतल्यापासून दोन महिन्यांत तो नऊ श्रेष्ठ योद्ध्यांपैकी एक झाला. २०२३ साली प्रक्षेपित झालेल्या तलवारकारांच्या गावाच्या पर्वात त्याची पूर्वकथा उलगडते. त्याच्या नावावर खपणाऱ्या वाक्यांची छाननी केली, तर विलक्षण गोष्ट आढळते: त्यांतील सर्वांत वजनदार वाक्ये त्याची नाहीतच.

तलवारकारांना लढता येत नाही, कोणाचे प्राण वाचवता येत नाहीत, म्हणून त्यांच्या वेळेपेक्षा आपला वेळ मोलाचा, असे तो कोतेत्सु या मुलाला सुनावतो. संग्राहक यात ‘निर्मम वास्तववाद’ पाहतात. वास्तविक बोलणारा स्मृती हरवलेला मुलगा आहे, आणि त्याच्या तोंडचा हा कठोर स्वर त्याच्या मृत जुळ्या भावाचा, यूइचिरोचा आहे, हे पुढे ध्यानी येते. पुढे मुइचिरो पाण्याच्या कैदेत गुदमरत असताना त्याला सोडवण्यासाठी जीव धोक्यात घालतो तो हाच कोतेत्सु. ज्या विधानाचे खंडन कथानकच करते, ते विधान कथेचा सिद्धान्त म्हणून कसे उद्धृत करता येईल?

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. दुसऱ्यावर केलेली दया केवळ त्याच्यासाठी नसते, ती फिरून आपल्याकडेच येते, अशा अर्थाची जपानी म्हण आहे. तिच्या शब्दरचनेमुळे ‘दया केल्याने दुसऱ्याचे भले होत नाही’ असा उलटा अर्थही जपानमध्ये पुष्कळ जण घेतात. यूइचिरो ही म्हण परोपकाराच्या निषेधार्थ वापरतो. मुइचिरो त्याला वडिलांचा दाखला देऊन मूळ अर्थ सांगतो. त्यावर भाऊ म्हणतो की, परोपकारापायी मेलेल्या माणसाच्या बोलण्यावर विसंबता येत नाही. आजारी पत्नीसाठी वादळात औषधी वनस्पती आणावयास गेलेले वडील कड्यावरून कोसळून मेलेले आहेत. म्हणजे एका अनाथ घरात एका म्हणीच्या अर्थावरून दोन भावांत वाद चालला आहे. या वादातून ‘परोपकाराचे फळ मिळते’ एवढेच वेचून घेणाऱ्याने वडिलांचा मृत्यू आणि यूइचिरोचा संताप दोन्ही वगळले. हाती उरला तो फळ्यावरचा सुविचार.

तिसरे उदाहरण नावाचे. ‘यू’ म्हणजे असणे, ‘मु’ म्हणजे नसणे. भावाच्या नावातला ‘मु’ अकर्तृत्वाचा, अर्थशून्यतेचा, असे यूइचिरो आधी हिणवतो. राक्षसाच्या हल्ल्यानंतर मरताना मात्र तोच ‘मु’ अनंताचा असल्याचे सांगतो. मराठी वाचकाला हे समजण्यास ‘नञ्’ पुरेसा आहे: ‘असमर्थ’, ‘अनर्थक’ आणि ‘अनंत’ या तिन्ही शब्दांत तोच नकार आहे. अक्षर बदलत नाही. बदलतो तो उच्चारणाऱ्याचा ऐकणाऱ्याशी असलेला संबंध. ‘तू अनंत आहेस’ असा सुटा संदेश म्हणून हे वाक्य वाचले, तर त्यातील पश्चात्ताप नाहीसा होतो, आणि पश्चात्तापाशिवाय ते निव्वळ कौतुक ठरते.

वक्ता, श्रोता, प्रकरण, देश, काल यांच्या वैशिष्ट्यामुळे व्यंग्यार्थ प्रतीत होतो, हे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शतकांपूर्वी मांडले. एका उच्चारात दुसऱ्याचा उच्चार नांदत असतो, हे बाख्तिनने विसाव्या शतकात दाखवले. दोघांची नावे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आदराने घ्यावयाची आणि दुसऱ्या प्रकरणापासून वाक्ये वेचावयास बसावयाचे, हा प्रकार सैद्धान्तिक बेजबाबदारपणाचा आहे.

यावर मुक्तकाच्या परंपरेचा आधार घेतला जाईल. सुभाषित सुटे वाचले जाते, मग संवाद का नाही? उत्तर सरळ आहे. मुक्तक स्वयंपूर्ण असावे याच हेतूने रचलेले असते. संवाद प्रत्युत्तराच्या अपेक्षेने उच्चारलेला असतो. वाचकाने एखादे वाक्य आपल्या आयुष्यात जपावे, हा त्याचा अधिकार आहे. पण तेव्हा ते वाक्य वाचकाचे झालेले असते, आणि त्याला मुइचिरोचे तत्त्वज्ञान म्हणण्याचा अधिकार समीक्षकास मिळत नाही.

मुइचिरोची कथा ही आपल्या मुखातील वाक्य कोणाचे, हे आठवण्याची कथा आहे. ते आठवेपर्यंत तो केवळ कुशल आहे. आठवल्यावर तो माणूस होतो. त्याची वाक्ये वेचणारी समीक्षा अद्याप पहिल्याच अवस्थेत आहे.