हौशी साहसखेळ आणि परीक्षकाचा धर्म

संगणकावरचे खेळ म्हटले कीं, गोळ्या झाडणें आणि मोटारी पिटाळणें एवढेंच चित्र आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या कुळाची एक शाखा अशी आहे कीं, तिच्यांत चित्र नाहीं व नादही नाहीं. सारा व्यवहार शब्दांचा. खेळणारानें आज्ञा लिहावी, यंत्रानें गद्यांत उत्तर द्यावें. 'दिवा घे', 'दार उघड', 'उत्तरेस जा' अशा अर्थाचीं छोटीं इंग्रजी वाक्यें लिहीत अपरिचित स्थळीं वाट काढावयाची, कोडीं उलगडावयाचीं आणि कथेचा शेवट गांठावयाचा, हें या शाब्दिक साहसखेळांचें स्वरूप. ज्यानें जन्मभर मुलांकडून क्रियापद व कर्म ओळखून घेतलें, त्यास या खेळाची गोडी लागावी यांत नवल तें काय!

या प्रकाराची घडणच मुळीं दोघांच्या हातून झाली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. विल क्राउथर हे अमेरिकेंतील संगणकतज्ज्ञ. गुहा धुंडाळण्याचा त्यांस विलक्षण नाद. केंटकी राज्यांतील मॅमथ गुहेच्या एका भागावरून त्यांनीं १९७५-७६ च्या सुमारास आपल्या मुलींकरितां एक खेळ रचला. तो स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डॉन वुड्स यांच्या दृष्टीस पडला. त्यांनीं कर्त्याचा पत्ता काढला, अनुज्ञा मागितली, आणि १९७७ सालीं त्याच गुहेंत नवीं कोडीं, नवीं धनें व नवे अद्भुत प्रसंग घालून तो खेळ पूर्णत्वास नेला.

पुढें १९८० नंतरच्या दशकांत असे खेळ विकून कंपन्यांनीं पैसा मिळविला. परंतु चित्रांच्या खेळांपुढें तो बाजार बसला. त्यानंतर ही कला जगविली ती हौशी लोकांनीं. ग्रॅहम नेल्सन या इंग्रज गृहस्थांनीं १९९३ सालीं 'इन्फॉर्म' नांवाचें खेळरचनेचें साधन विनामूल्य दिलें, आणि १९९५ पासून 'इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन' ही वार्षिक स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षीं १२ खेळ आले होते. खेळ एकट्यानें रचावा किंवा जोडीदारांसह रचावा. परीक्षक मात्र कोणीही सामान्य खेळणारा. त्यानें निदान ५ खेळ खेळावे आणि प्रत्येकास पहिल्या दोन तासांच्या अनुभवावरून १ ते १० पर्यंत गुण द्यावे, असा नियम.

विजयी खेळांपैकीं दोहोंविषयीं थोडें सांगतों. २००७ सालचा 'लॉस्ट पिग' हा पहिला. ग्रंक नांवाचा एक मंदबुद्धि राक्षस हरवलेलें डुक्कर शोधीत भुयारांत जाऊन पडतो. सारें निवेदन त्याच्याच मोडक्या बोलीत. व्याकरणाची अशी हत्या आम्हीं वर्गांत क्षणभरही चालूं दिली नसती. परंतु येथें ती आरंभापासून अखेरपर्यंत एका नियमानें झाली आहे, म्हणून ती बोचत नाहीं, उलट हंसविते. विशेष हा कीं, वस्तु जाळण्याची म्हणा, खाण्याची म्हणा, कसलीही विक्षिप्त आज्ञा द्यावी, ग्रंकचें उत्तर बहुधा तयार असतें.

दुसरा २००९ सालचा 'रोव्हर्स डे आउट'. हा जॅक वेल्च व बेन कॉलिन्स-सस्मन या दोघांनीं मिळून रचला. येथें आपण एका अंतराळयानाचें कृत्रिम मन असतों. पण त्या मनास दिसतें तें यान नव्हे, एक साधें बिऱ्हाड. सकाळीं उठावें, स्नान करावें, न्याहारी करावी, कुत्र्याकडे पाहावें; आणि या घरगुती कृत्यांच्या आड यानाचीं कामें उरकत असावीं. आमच्या अलंकारशास्त्रांत ज्यास श्लेष म्हणतात, त्याचाच हा विस्तार. तीच सकाळ पुनः उगवते तेव्हां कंटाळा येऊं लागतो, हा दोष आम्ही झांकीत नाहीं. परंतु पुनरावृत्तींत जो फरक पडत जातो, त्यांतच कथेचें मर्म आहे. एवढा दीर्घ श्लेष निभावतांना एकाचा तोल गेला तर दुसऱ्यानें सावरावा, हा जोडीच्या कामाचा मोठा लाभ.

एकट्याच्या कच्च्या खेळांत नेमका याच दुसऱ्या दृष्टीचा अभाव जाणवतो. खोलीच्या वर्णनांत खिडकी आहे. परंतु 'खिडकी पाहा' म्हणावें तर यंत्र म्हणतें, अशी वस्तु येथें नाहीं. दोर 'सोड' म्हटलें तर कळत नाहीं, 'मोकळा कर' म्हटलें तरच कळतें. कर्त्यास स्वतःचा शब्द पाठ असतो. तो दुसरा शब्द वापरून पाहातच नाहीं. हा बुद्धीचा दोष नव्हे, एकाकीपणाचा आहे. प्रसिद्धीपूर्वीं चार स्नेह्यांकडून खेळ तपासून घेतला तर यांतील बहुतेक खडे वेंचले जातात.

आतां प्रश्न परीक्षकाचा. ज्यानें नोकरी-संसार सांभाळून, बक्षिसाची खात्री नसतां, महिनेच्या महिने एखादा खेळ रचला, त्यास आपण दहा मिनिटांत ३ गुण देऊन मोकळें व्हावें काय? उलट, हौशी म्हणून सरसकट ८ गुण वांटणें हीही दयाच, न्याय नव्हे. राजशेखरानें काव्यमीमांसेंत प्रतिभेचे कारयित्री व भावयित्री असे दोन भेद सांगितले आहेत. एक रचणाराची, दुसरी आस्वाद घेणाराची. ज्या कलेंत खेळणारानें शब्द दिल्याशिवाय पुढचें वाक्यच उमटत नाहीं, तेथें ही दुसरी प्रतिभा केवळ साक्षी राहूंच शकत नाहीं. खेळणारा हाच कर्त्याचा शेवटचा भागीदार होय.

म्हणून आमची सूचना एवढीच. आपल्या घरांतील इंग्रजी जाणणाऱ्या मुलांमुलींनीं असे खेळ अवश्य खेळावे, पण कागद-पेन्सिल जवळ घेऊन. कोठें अडलों, कोणता शब्द यंत्रास कळला नाहीं, कोठें मनापासून हंसूं आलें, हें टिपून ठेवावें आणि गुणांबरोबर तें टिपणही कर्त्याकडे सभ्य भाषेंत धाडावें. गुणांचा आंकडा कर्त्यास त्याचें स्थान सांगतो; पुढचा खेळ सुधारतो तो मात्र त्या टिपणामुळें.