डुकराला खोकला झाला, तर आपल्याला काय त्याचं?

पावसाळ्यात फ्लूची साथ सुरू झाली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आमच्या घरात कोणी डुकराचं मांस खात नाही, आसपास डुकरंही नाहीत. मग स्वाइन फ्लू झालाच कसा?"

प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही सोपं आहे. २००९ साली आलेला एच१एन१ विषाणू आता माणसांमध्येच मुरला आहे. तो एका माणसाच्या खोकल्या-शिंकेतून दुसऱ्याकडे जातो, मध्ये डुक्कर लागत नाही. नीट शिजवलेलं मांस खाल्ल्याने तर फ्लू मुळीच होत नाही. एवढं ऐकलं की रुग्ण निश्चिंत होतो आणि डुकराचा विषय तिथेच संपतो.

माझ्या मते तो तिथे संपवू नये. आज समोर बसलेल्या रुग्णाच्या तापाशी डुकराचा संबंध नसला, तरी पुढच्या एखाद्या मोठ्या साथीशी तो असू शकतो. आणि ती साथ वेळेत ओळखायची असेल, तर डुकरांच्या साध्या सर्दी-खोकल्याकडे लक्ष द्यावं लागेल. आज जगात ते पुरेसं दिलं जात नाही.

डुक्करच का?

फ्लूचा विषाणू शरीरात शिरताना श्वासनलिकेच्या पेशींवरच्या साखरेच्या एका रेणूला चिकटतो. पक्ष्यांच्या फ्लूला एका प्रकारचा रेणू मानवतो, माणसांच्या फ्लूला दुसऱ्या प्रकारचा. डुकराच्या श्वसनमार्गात दोन्ही प्रकार सापडतात. त्यामुळे त्याला पक्ष्यांकडूनही फ्लू होऊ शकतो, माणसांकडूनही, आणि डुकरांचे स्वतःचे फ्लू तर असतातच.

दुसरी गोष्ट अशी, की या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. दोन वेगळे विषाणू एकाच वेळी एकाच पेशीत शिरले, तर या तुकड्यांची अदलाबदल होते. पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसून नवा डाव वाटावा, तसंच. बहुतेक वेळा हाती फालतू पानं येतात. पण क्वचित असा विषाणू तयार होतो, की ज्याची ओळख आपल्या प्रतिकारशक्तीला नसते आणि जो माणसांमध्ये सहज पसरतो.

२००९ मध्ये हेच झालं. अमेरिकेतल्या डुकरांमध्ये १९९८ च्या सुमारास पक्षी, माणूस आणि डुक्कर अशा तिघांच्या विषाणूंचे तुकडे असलेला एक विषाणू आढळला होता. त्याच्या वंशजांची पुढे युरोप-आशियातल्या डुकरांच्या विषाणूशी सरमिसळ झाली. पुढच्या संशोधनात या नव्या विषाणूचा उगम मेक्सिकोतल्या डुकरांमध्ये असल्याचं दिसलं. एप्रिल २००९ मध्ये तो माणसांमध्ये सापडला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला. बंद शाळा आणि मास्कसाठीच्या रांगा अनेकांना अजून आठवत असतील. माणसांमध्ये सापडण्याआधी हा विषाणू डुकरांमध्ये बराच काळ फिरत होता, पण नेमक्या त्या डुकरांची तपासणी होत नव्हती.

शेडमध्ये विषाणू टिकतो कसा?

चार-पाच डुकरांच्या गोठ्यात फ्लू शिरला, तर सगळी आजारी पडतात, बरी होतात आणि विषाणू संपतो. मोठ्या फार्मवर तसं होत नाही. हजारो जनावरं एका छपराखाली असतात. सतत नवी पिल्लं जन्माला येतात. आईकडून मिळालेलं संरक्षण काही आठवड्यांत ओसरतं आणि विषाणूला पुन्हा नवं सरपण मिळतं. शिवाय अमेरिकेत पिल्लं एका राज्यात जन्मतात आणि वाढवायला ट्रकने दुसऱ्या राज्यात जातात. त्यांच्याबरोबर विषाणूही प्रवास करतो.

यात माणसाचाही वाटा आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. २००९ चा विषाणू त्यानंतर माणसांकडून डुकरांकडे शेकडो वेळा गेल्याचं जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. ताप अंगावर काढून कामाला आलेला कामगार शेडमध्ये खोकतो आणि डुकरांना लागण होते. तेव्हा "डुकरांनी आपल्याला रोग दिला" हे अर्धंच चित्र आहे. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालू असते.

मग लक्ष का दिलं जात नाही?

कारण डुक्कर यातून सहसा मरत नाही. ताप येतो, खोकला येतो, खाणं कमी होतं आणि आठवडाभरात ते सावरतं. मालकाचं नुकसान होतं ते वजन कमी भरल्याचं. याउलट आफ्रिकन स्वाइन फिव्हर पाहा. २०२० मध्ये तो आसाम आणि अरुणाचलमध्ये आला. त्यात डुकरं पटापट मरतात, म्हणून सगळी यंत्रणा खडबडून जागी होते. वास्तविक तो रोग माणसाला होतच नाही! माणसाला होऊ शकणाऱ्या फ्लूसाठी मात्र अमेरिकेसारख्या देशातही डुकरांची तपासणी ऐच्छिक आहे. मालकाने मनावर घेतलं तर नमुना जातो.

आणि मालकाने मनावर का घ्यावं? २००९ मध्ये काय झालं ते त्याला आठवतं. रशिया आणि चीनने मेक्सिकोतून व अमेरिकेच्या काही राज्यांतून येणाऱ्या डुकराच्या मांसावर बंदी घातली. इजिप्तने तर देशातली सुमारे तीन लाख डुकरं मारायचा आदेश काढला, तेही तिथे एकाही माणसाला लागण झालेली नसताना. कैरोतला कचरा गोळा करणाऱ्या गरीब कुटुंबांची ती डुकरं होती. ओला कचरा तीच खायची. ती गेल्यावर कुटुंबांचं उत्पन्न बुडालं आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. फ्लू मात्र आलाच. नावामुळे एवढा गोंधळ उडाला, की जागतिक आरोग्य संघटनेने ३० एप्रिललाच 'स्वाइन फ्लू' हा शब्द वापरणं थांबवलं.

माझा मुख्य मुद्दा हाच आहे. जो माणूस "माझ्याकडची डुकरं खोकतायत" असं सांगेल, त्यालाच शिक्षा होणार असेल, तर कोणी सांगणार नाही. तपासणी मोफत हवी, मालकाचं नाव जाहीर होता कामा नये, आणि नुकसान झालं तर भरपाई मिळायला हवी. शेडमधल्या कामगारांना दरवर्षी फ्लूची लस आणि ताप आल्यावर पगारी रजा मिळायला हवी. महासाथीच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

घाबरायचं का?

नाही. डुकरांमधला प्रत्येक विषाणू महासाथ घडवत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांच्या फ्लूसारखा विषाणू सापडला, एक सैनिक दगावला. सरकारने घाईने चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली. साथ आलीच नाही, उलट लशीनंतर काही जणांना गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाला. घबराटीत घेतलेला निर्णयही महागात पडतो. नियमित तपासणी असली, तर कोणत्या विषाणूकडे गांभीर्याने पाहायचं हे शांतपणे ठरवता येतं.

आपल्या देशात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे ९० लाख डुकरं आहेत, सर्वाधिक आसाममध्ये. बहुतेक कळप घरगुती आणि लहान आहेत, ही जमेची बाजू. पण वराहपालन जोडधंदा म्हणून वाढतंय. शेड मोठ्या होण्याआधीच तपासणीची सवय लावून घेणं आपल्या हातात आहे.

तुम्ही काय करू शकता?

१) वराहपालन करत असाल, तर दरवर्षी फ्लूची लस घ्या. ताप-खोकला असताना जनावरांजवळ जाऊ नका. डुकरं खोकत असतील तर मास्क लावा, हात साबणाने धुवा आणि पशुवैद्यांना कळवा.

२) कोंबड्या, बदकं आणि डुकरं एकाच आवारात ठेवू नका. पाणी आणि खाद्य तरी वेगळं ठेवा.

३) मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी खास सूचना. तिथे उन्हाळ्यात शेतीच्या मोठ्या जत्रा भरतात आणि नातवंडांना डुकरं पाहायची हौस असते. २०१२ मध्ये अशा जत्रांमधून तीनशेहून अधिक लोकांना डुकरांचा फ्लू झाला, त्यात बहुतांश मुलं होती, आणि एक जण दगावला. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची मंडळी, गरोदर स्त्रिया आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी डुकरांच्या शेडमध्ये जाऊ नये. इतरांनी तिथे काही खाऊ-पिऊ नये.

४) ताप-खोकल्यासाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा, गेल्या आठवड्या-दहा दिवसांत डुकरांशी संबंध आला असेल, तर ते आपणहून सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या त्या एका वाक्यामुळे साधी गोळी द्यायची, की घशातला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, हे डॉक्टरांना ठरवता येतं. डॉक्टर मित्रांनाही विनंती आहे, की रुग्णाने सांगायची वाट न बघता हा प्रश्न आपणच विचारावा.