रेडकू बांधून जमवलेले वाचक

गेल्या वर्षी जूनमध्ये एका संध्याकाळी मी माझ्या न्यूजलेटरच्या यादीतून तेराशेहून जास्त पत्ते काढून टाकले. उरले तीनशे बारा. माझा एक मित्र इंग्रजीत न्यूजलेटर चालवतो आणि 'ग्रोथ' हा शब्द देवाचं नाव घ्यावं तसा घेतो. त्याने फोन करून विचारलं, तुला बरं नाही का? मी बरा होतो. त्याआधीचं दीड वर्ष मात्र बरा नव्हतो.

मी चंद्रपूरचा. इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो आणि महिन्यातून दोनदा चंद्रपूर-गडचिरोलीबद्दल मराठीत लिहून ईमेलने पाठवतो. कोळसा, धान, बांबू, वीजकेंद्राची राख, झाडीपट्टीची नाटकं, जे हाती लागेल ते. सुरुवातीला वाचक दीडशे होते. नात्यातले, कॉलेजातले आणि त्यांनी ज्यांना सांगितलं ते. मग वाचक कसे वाढवावेत याचे सल्ले मी वाचायला लागलो, आणि तिथे फसलो.

हे सल्ले सगळीकडे सारखेच असतात. त्यातला पहिला म्हणजे 'लीड मॅग्नेट': माणसाला काहीतरी फुकट द्या, बदल्यात त्याचा पत्ता घ्या. मी 'ताडोबा सफारी: संपूर्ण मार्गदर्शक' अशी एक पीडीएफ बनवली. मोहर्लीच्या गेटने जावं की कोलाऱ्याच्या, कोणत्या महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसतो, बुकिंग किती आधी करावं. पाच महिन्यांत यादी दीड हजारांच्या वर गेली. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी आकडा बघत होतो.

मग तेंदूपत्त्याचा हंगाम आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मे महिन्यात आमच्याकडची गावंच्या गावं पहाटे जंगलात पानं तोडायला जातात, कारण पावसाळ्याआधी हातात रोख पैसा येतो तो त्यातूनच. पानं वाकून तोडावी लागतात. झुडपात वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं वनखात्याचे लोकच सांगतात. दरवर्षी या दिवसांत आमच्या जिल्ह्यात बायका मारल्या जातात. मी त्यावर लिहिलं. वाघाला शिव्या घातल्या नव्हत्या. एवढंच विचारलं होतं की सफारीच्या जिप्सीत बसलेल्या माणसाच्या सुरक्षेचा जेवढा विचार होतो, तेवढा पत्त्याचं गाठोडं डोक्यावर घेतलेल्या बाईच्या सुरक्षेचा का होत नाही.

एका दिवसात नव्वद लोक यादीतून गेले. काहींनी पत्रंही लिहिली. वाघांविरुद्ध प्रचार थांबवा. लोकांनी जंगलात जाऊच नये. पुढच्या वेळी फोटो टाका.

मला लाज वाटते ती यापुढच्या भागाची. पुढचा अंक मी बदलला. तो लेखा-मेंढावर होता. २०११ साली आपल्या जंगलातल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेणारी ती ग्रामसभा, आणि त्यानंतर आजूबाजूच्या गावांनी काय काय केलं, असा तो लेख. तो बाजूला ठेवून मी पावसाळ्यातल्या फुलपाखरांवर लिहिलं. उघडण्याचं प्रमाण लगेच वाढलं. मला कुणी धमकी दिली नव्हती, कुणी संपादक डोक्यावर बसलेला नव्हता. दीड हजार अनोळखी पत्त्यांना मी स्वतःहून घाबरलो होतो.

जुन्या शिकाऱ्यांच्या गोष्टींत मचाणाखाली रेडकू बांधलेलं असतं. मी तेच केलं होतं. रेडकू खायला जो आला तो रेडकासाठीच आला, त्याच्यापुढे बांबूची गोष्ट ठेवली तर तो उठून जाणारच. यात त्या बिचाऱ्या पर्यटकांचा काडीचा दोष नाही. वाचक आधी जमवा, काय लिहायचं ते मग आहेच, असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे. वाचक कशाच्या आमिषाने जमवला, यावर लेखक पुढे काय लिहायला धजावेल ते ठरतं. हे त्या सल्ल्यांत कुठेही लिहिलेलं नसतं.

आणि ज्या आकड्यासाठी हे सगळं चालतं, तो आकडा तरी खरा आहे का? हे माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून सांगतो. ईमेल उघडली हे कळण्यासाठी तिच्यात एक पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र घातलेलं असतं. ते चित्र सर्व्हरवरून मागवलं गेलं की 'उघडली' अशी नोंद होते. अशी चित्रं मोजणारा कोड मी पगारासाठी लिहिला आहे. ॲपलने २०२१ साली आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय केली की माणसाने पत्र वाचो न वाचो, चित्रं आधीच परस्पर मागवून ठेवली जातात. म्हणजे आयफोनवाला झोपलेला असला तरी त्याने माझा लेख उघडला अशी नोंद होऊ शकते. उलट मूलच्या एक निवृत्त गुरुजींनी मला कळवलं की ते झेरॉक्सच्या दुकानातून लेखाची प्रिंट काढतात आणि ती चार घरं फिरते. माझ्या डॅशबोर्डवर ते एक. कधी कधी शून्यच, कारण मराठी लेख लांब झाला की जीमेल तो मध्येच कापतं. मर्यादा १०२ केबीच्या आसपास आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, इंग्रजीचं एक. मोजणारं चित्र बहुतेकदा तळाशी असतं, तेही कापलं जातं.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण ती बाजू मला जास्त चीड आणते. हे आमचे मराठीतले ज्येष्ठ. "मराठीत वाचकच उरला नाही हो." हे वाक्य मी इतक्या कार्यक्रमांत ऐकलंय की ते निमंत्रणपत्रिकेवरच छापावं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. त्यातला वाचक संपला असं म्हणणाऱ्याने गेल्या वर्षभरात किती माणसांना, नाव घेऊन, "माझं वाच" असं म्हटलं? लेख व्हॉट्सॲपवर सोडायचा, तो कुणातरी भलत्याच्या नावाने आपल्याकडे परत आला की हळहळायचं, आणि याला प्रसार म्हणायचं.

या लोकांना मी दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईला घेऊन जाईन. ब्रह्मपुरी तालुक्यात माझ्या मावशीचं गाव आहे. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात आणि रात्री नाटक असतं. दहाच्या सुमाराला सुरू होतं, संपतं तेव्हा कोंबडा आरवायला आलेला असतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं ठाणं. तिथे कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, पैसे बोलतं, आणि मग तिकिटं विकून ते वसूल करायची जबाबदारी मंडळाची. फुकट काही नाही. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना झाडीपट्टी कुठे आहे ते मला नकाशावर दाखवावं लागलं होतं.

मंडळाचा एक माणूस वही घेऊन घरोघर फिरतो. मावशीच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "काकू, मांगच्या साली तुमची चार तिकिटं होती. यंदा पाहुने किती येऊन रायले?" मावशी म्हणाली, "सहा लिही. पन मांगच्या खेपेसारखं रडकं नको आनू." त्याने सहा लिहिले, आणि रडक्याबद्दलही काहीतरी लिहिलं. किती घरं, प्रत्येक घरात कोण येणार, कुणाला काय आवडलं नव्हतं, हे सगळं त्या वहीत असतं. मी ज्या सॉफ्टवेअरला महिन्याला पैसे भरत होतो त्यात यातलं काहीच नव्हतं.

आणि हे फक्त नाटकाचं नाही. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालवलं. १९१० साली सुरू करून पन्नासहून जास्त वर्षं. वाचक शेतकरी, ज्यातल्या अनेकांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. त्या काळी 'वाचक नाही' म्हणायला त्यांच्याकडे आपल्याहून कितीतरी भक्कम कारणं होती.

मित्र म्हणतो, वही घेऊन दारोदार फिरणं 'स्केल' होत नाही. नाही होत. पण स्केल करून मला जायचं कुठे आहे? इंग्रजीतली एक हजार सच्च्या चाहत्यांची थिअरी केव्हिन केलीने २००८ साली मांडली, प्रत्येकाकडून वर्षाला शंभर डॉलर धरून. गोंडपिपरीत बसून हा गुणाकार करायला घेतला तर पहिल्याच ओळीत हसू येतं. शिवाय इथे पैसे घ्यायचे मार्गही वेगळे. ज्या परदेशी मंचांवरून लोक वर्गणी घेतात त्यांची पैशांची सोय स्ट्राइपवर चालते, आणि स्ट्राइपने भारतात २०२४ पासून निमंत्रणाशिवाय नवीन खाती घेणं थांबवलं. मी यूपीआयचा क्यूआर कोड टाकला आणि वर्षाला दीडशे रुपये वर्गणी ठेवली. तीनशे बारांपैकी एकशे सत्तावीस जणांनी भरली. यावर घर चालणार नाही, त्यासाठी नोकरी आहे. नोकरी सोडून लेखणीवर जगा असं सांगणारे बहुधा तसं सांगण्याचा कोर्स विकूनच जगत असतात.

लेखा-मेंढाचा लेख मी जुलैमध्ये पाठवला. चार जण गेले. धानोऱ्याच्या एका वाचकाने त्यातली माझी एक चूक दाखवली, पुढच्या अंकात ती दुरुस्त केली.

नाव नोंदवण्याच्या फॉर्ममध्ये आता दोन जास्तीचे प्रश्न आहेत: गाव कोणतं, आणि कोणी सांगितलं. प्रत्येक जास्तीच्या रकान्यामागे माणसं गळतात, असं मित्र बजावतो. गळत असतील. परवा आलेलं नाव वरोऱ्याचं होतं. 'कोणी सांगितलं' पुढे लिहिलं होतं: "नवऱ्याने. त्याला वाचायला वेळ नसतो, म्हणे तू वाच आणि मला सांग."